नागपूरहून चेन्नई: आधी वार ठरवा, मग ठिकाणं

नागपूरहून चेन्नईला जाणारी बरीच कुटुंबं ठिकाणांची यादी आधी करतात आणि तारखा नंतर ठरवतात. मग एग्मोरच्या संग्रहालयाच्या दारात शुक्रवारी उभं राहायची वेळ येते, किंडीचं बालोद्यान मंगळवारी बंद मिळतं, मगरींचं केंद्र सोमवारी. दुपारी एक वाजता मैलापूरच्या मंदिराला कुलूप असतं. ठिकाणांत काही चूक नसते, क्रम चुकलेला असतो.

चेन्नईत दोन गोष्टी पाहायच्या आहेत: इमारती आणि प्राणी-पक्षी. दोन्हींची घड्याळं वेगळी. पक्षी पहाटे आणि सूर्य कलताना दिसतात, दगडी शिल्पं सकाळच्या उन्हात, मंदिरं संध्याकाळी. भर दुपार छताखाली काढायची असते. खालचे टप्पे याच हिशेबाने लावले आहेत. पाच दिवसांची सहल आणि दोन प्रवास धरा. यापेक्षा कमी दिवस असतील तर ठिकाणं गाळा. वेळा दाबून बसवू नका.

## टप्पा १: महिना निवडणे

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. आपल्याकडे दिवाळीपर्यंत पाऊस संपलेला असतो, म्हणून दिवाळीची सुट्टी प्रवासाला चांगली असं आपण गृहीत धरतो. चेन्नईत उलट आहे. तिथला मुख्य पाऊस परतीच्या, म्हणजे ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. तो ऑक्टोबरच्या मध्यानंतर सुरू होतो आणि डिसेंबरपर्यंत चालतो. वर्षभराच्या पावसातला निम्म्याहून जास्त याच तीन महिन्यांत पडतो. २०१५चा महापूर नोव्हेंबर-डिसेंबरमधला, २०२३चं मिचाँग चक्रीवादळ डिसेंबरमधलं. नागपूरला कोरडं ऊन असताना तिथे रस्त्यावर गुडघाभर पाणी असू शकतं.

दुसरी चूक मे महिन्याची. "आम्ही पंचेचाळीस सोसतो, अडतीसचं काय" हा हिशेब चेन्नईत चालत नाही. नागपूरची हवा कोरडी, घाम लगेच वाळतो आणि अंग थंड होतं. समुद्राकाठी हवेतच पाणी इतकं असतं की घाम वाळत नाही. तो नुसता वाहतो आणि अंगातली उष्णता आतच राहते. आपला डेझर्ट कूलर तिथे निरुपयोगी ठरतो तो याच कारणाने. मे महिन्यातल्या 'अग्नी नक्षत्रम'च्या, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात कडक उन्हाच्या दिवसांत लहान मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन जाऊ नका.

योग्य काळ: जानेवारीचा उत्तरार्ध ते फेब्रुवारीची अखेर. पाऊस गेलेला, तळी भरलेली, स्थलांतरित पक्षी आलेले आणि कासवांचा विणीचा हंगाम सुरू. मार्चचा पहिला पंधरवडाही चालतो, फक्त दुपार जड जाते.

सावध: १४ ते १७ जानेवारीच्या आसपास पोंगल असतो. त्यातल्या 'काणुम पोंगल'च्या दिवशी अख्खं शहर मरिना, किंडी, वंडलूर आणि महाबलीपुरमला लोटतं. तो दिवस टाळाच. २६ जानेवारीच्या आधीच्या आठवड्यात समुद्राकाठच्या कामराजर सालैवर संचलनाच्या तालमी असतात आणि सकाळी वाहतूक वळवलेली असते. म्हणून २६ तारीख उलटल्यावर निघणं सोयीचं.

## टप्पा २: वार बसवणे

ही यादी कागदावर उतरवून घ्या:

- सोमवार: मद्रास क्रोकोडाइल बँक बंद.
- मंगळवार: किंडी बालोद्यान, त्याच्या शेजारचं सर्पोद्यान, वंडलूरचं अरिग्नर अण्णा प्राणिसंग्रहालय आणि मुट्टुकाडूचं दक्षिणचित्र बंद.
- शुक्रवार: एग्मोरचं सरकारी संग्रहालय आणि सेंट जॉर्ज किल्ल्यातलं संग्रहालय बंद.
- रोज दुपारी साधारण १२ ते ४: मोठी मंदिरं बंद.

बुधवार, गुरुवार, शनिवार आणि रविवार या यादीत कुठेच नाहीत. म्हणून मंगळवारी नागपूर सोडायचं, बुधवारी सकाळी चेन्नईत उतरायचं, शुक्रवारी शहराबाहेर पडायचं आणि रविवारी रात्री परतीची गाडी धरायची. शुक्रवारी संग्रहालयं बंद असली तरी किनारपट्टीवरचं सगळं उघडं असतं, त्यामुळे तो दिवस वाया जात नाही.

तपासा: राष्ट्रीय सुट्टीला संग्रहालयं बंद असतात, आणि सणाच्या गर्दीत प्राण्यांची काही केंद्रं साप्ताहिक सुट्टी बदलून उघडी ठेवतात. निघायच्या आठवड्यात प्रत्येक ठिकाणाचं अधिकृत संकेतस्थळ एकदा उघडून बघा.

## टप्पा ३: रेल्वेचं तिकीट

नागपूर ते चेन्नई सुमारे १,०९० किमी. तमिळनाडू एक्स्प्रेस (१२६२२) सोयीची आहे: दिवसा नागपूर सोडते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चेन्नई सेंट्रलला पोचवते. परतीची १२६२१ सेंट्रलहून रात्री १० वाजता सुटते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नागपूर गाठते.

आरक्षण ६० दिवस आधी सकाळी ८ वाजता उघडतं. जुने १२० दिवस डोक्यात ठेवून बसणारे अजून भेटतात. १ नोव्हेंबर २०२४ पासून मुदत ६० दिवसांवर आली आहे.

नागपूरकरांना इथे दोन अडचणी येतात आणि दोन्ही आपलं स्टेशन मधलं असल्यामुळे.

पहिली प्रतीक्षा यादीची. नागपूरहून काढलेल्या तिकिटाला बरेचदा साधी जीएनडब्ल्यूएल (सर्वसाधारण) यादी न मिळता आरएलडब्ल्यूएल किंवा पीक्यूडब्ल्यूएल (मधल्या स्टेशनांच्या छोट्या कोट्यांची) मिळते. या यादीतली तिकिटं त्यांच्या छोट्या कोट्यातल्या रद्द तिकिटांवरच सरकतात, म्हणून पंधरा नंबरही धोक्याचा. "पंधराच तर आहे, होईल" म्हणून थांबू नका. दुसऱ्या गाडीचा किंवा दुसऱ्या वाराचा विचार त्याच दिवशी करा. ऑनलाइन तिकीट चार्ट लागेपर्यंत पूर्ण प्रतीक्षेतच राहिलं तर ते आपोआप रद्द होतं आणि त्यावर गाडीत चढता येत नाही.

दुसरी तत्काळची. तत्काळचा दिवस गाडीच्या सुरुवातीच्या स्टेशनावरून मोजतात. मंगळवारी नागपूरला येणारी गाडी दिल्लीहून सोमवारी सुटलेली असते, म्हणजे तिचं तत्काळ रविवारी उघडतं: एसीचं सकाळी १० वाजता, स्लीपरचं ११ वाजता. सोमवारी बसलात तर उरलंसुरलं मिळेल. ऑनलाइन तत्काळसाठी खात्याला आधार जोडून पडताळणी केलेली लागते. ते काम महिनाभर आधी उरका. नेहमीच्या आरक्षणाच्या वेळीही हिशेबाच्या एक दिवस आधीपासून पाहायला लागा.

परतीचं तिकीट चेन्नईहून म्हणजे सुरुवातीच्या स्टेशनावरून असल्याने तुलनेने सोपं जातं. तरी दोन्ही एकाच आठवड्यात काढा.

तपासा: तिकिटावर कोणतं स्टेशन आहे? चेन्नईत सेंट्रल, एग्मोर आणि तांबरम ही तीन मोठी टर्मिनल आहेत आणि काही लांब पल्ल्याच्या गाड्या सेंट्रलला न जाता नुसत्या पेरंबूरला थांबतात. तांबरम सेंट्रलपासून पंचवीसेक किमी दूर आहे. सामान आणि मुलांसह भल्या सकाळी भलत्या स्टेशनावर उतरलात की पहिला अर्धा दिवस गेला.

## टप्पा ४: मुक्काम कुठे

एग्मोर. इतर पर्यायांवर फार वेळ घालवू नका. सेंट्रलहून मेट्रोने एकच स्टेशन, सरकारी संग्रहालय चालत जाण्याइतकं जवळ, सगळ्या दरांची लॉजं. ओएमआर (शहराच्या दक्षिणेचा आयटी कंपन्यांचा रस्ता) किंवा विमानतळाकडची हॉटेलं स्वस्त दिसतात, पण रोज तास-दीड तास वाहतुकीत जातो.

खोली घेताना एक प्रश्न विचारा: चेक-आउट २४ तासांचा की दुपारी १२ चा? तमिळनाडूत अनेक लॉजं २४ तासांचा हिशेब धरतात. सकाळी सातला उतरणाऱ्यासाठी हा फरक एका दिवसाच्या भाड्याचा आहे. तीन रात्री एग्मोर (बुध, गुरु, शनि) आणि एक रात्र महाबलीपुरम (शुक्र) असं आरक्षण करा. शुक्रवारी मोठं सामान एग्मोरच्या लॉजमध्ये ठेवू देतील का, तेही आधीच विचारून घ्या.

## टप्पा ५: बॅग भरणे

पेंच-ताडोब्याला जाताना भरतो तशी बॅग इथे चालत नाही. जाड जीन्स नकोच. घामाने ओली झाली की दिवसभर वाळत नाही. सैल सुती कपडे, माणशी रोज दोन सदरे. मंदिरासाठी गुडघ्याखाली येणारा पोशाख. पायात सहज काढता-घालता येणाऱ्या चपला, आणि तापलेल्या दगडावर अनवाणी चालायची वेळ आली तर एक जोडी सुती मोजे.

दुर्बीण असेल तर जरूर घ्या. ८×४२ची पुरते. त्यापेक्षा जास्त पटीची हातात हलते आणि मोठ्या लेन्सची गळ्यात जड होते. रात्री किनाऱ्यावर कासवांसाठी जाणार असाल (टप्पा १०) तर विजेरीच्या काचेवर लाल जिलेटीन कागद दोन पदरी लावून आणा. ओआरएसची पाकिटं माणशी रोज एक या हिशेबाने, डास पळवणारं मलम, आणि सगळ्यांची मूळ फोटो-ओळखपत्रं. किल्ल्यात ती लागतात.

गाडीतल्या दोन जेवणांसाठी तिखट-मिठाच्या पुऱ्या आणि कोरडी चटणी बरी. रसभाजी बल्लारशाह येईपर्यंत संपवा. पुढे गाडी जशी दक्षिणेकडे सरकते तशी हवा दमट होते आणि रात्रीपर्यंत भाजी आंबते.

## टप्पा ६: बुधवार, उतरण्याचा दिवस

पहिल्या दिवशी अर्धंच काम ठेवा. अंघोळ, नाश्ता, झोप. तीन वाजता निघून किंडी.

किंडी राष्ट्रीय उद्यान शहराच्या आत आहे, जेमतेम २.७ चौरस किमी. इथे गैरसमज ठरलेला असतो: लोक जिप्सी आणि सफारीचं तिकीट शोधत बसतात. तसं काही नाही. सर्वसामान्य पर्यटकाला उद्यानाच्या कडेचं बालोद्यान आणि त्याला लागून असलेलं सर्पोद्यान पाहता येतं. दोन्हींची तिकिटं वेगळी. आजूबाजूच्या झाडीत चितळ दिसतात. काळवीट हे या जंगलाचं मुख्य वैशिष्ट्य. घाई न करता कुंपणाच्या कडेने, आवाज न करता पाहिलं तर दिसायची शक्यता वाढते.

सर्पोद्यानात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं ही चार विषारी जातींची दालनं मुलांना नीट दाखवा. विदर्भात शेतावर जाणाऱ्या घरांना घोणस आणि अजगराचं पिल्लू यांतला फरक ओळखता येणं उपयोगाचं आहे. घोणशीच्या पाठीवर साखळीसारखे सुटे, कडा रेखीव असलेले ठिपके तीन रांगांत असतात. अजगराचे डाग मोठे आणि वेडेवाकडे असतात.

तिथून संध्याकाळी बेसंट नगरचा किनारा.

सावध: दोन गोष्टी. हा पूर्व किनारा आहे. गणपतीपुळे-अलिबागची सवय असलेले लोक इथे संध्याकाळी सूर्यास्त पाहायला जातात आणि पाठीमागे इमारतींआड सूर्य मावळतो. समुद्रातून इथे सूर्य उगवतो. दुसरी गोष्ट जिवाची: मरिनावर पोहायला बंदी आहे आणि बेसंट नगरलाही पाण्यात उतरू नये. किनाऱ्याजवळच तळ अचानक खोल होतो आणि परतणारी लाट पाय ओढते. समुद्र पहिल्यांदाच पाहणारी मुलं लाटेकडे पाठ करून फोटोला उभी राहतात, तेव्हाच घात होतो. फक्त घोट्यापर्यंत पाणी, मोठ्या माणसाच्या हातात हात आणि तोंड समुद्राकडे.

## टप्पा ७: गुरुवार, जुनं मद्रास

इमारतींचा हा मुख्य दिवस. क्रम बदलू नका, तो उन्हाच्या हिशेबाने लावला आहे.

सकाळी ९, सेंट जॉर्ज किल्ला. किल्ला म्हणून सिंहगड-नगरधनची कल्पना घेऊन जाऊ नका. आत आज विधानसभा आणि सचिवालय आहे. दारावर ओळखपत्र आणि झडती. मोठी बॅग नेऊ नका, सरकारी इमारतींचे आणि पोलिसांचे फोटो काढू नका. सरळ पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयात जा, मग सेंट मेरी चर्चमध्ये. चर्च १६८०चं. आत गेलात की आधी छत बघा: बॉम्बगोळे झेलता यावेत म्हणून ते जाड आणि कमानदार बांधलं आहे, लाकडी तुळई नाही. अंगणातले जुने थडग्यांचे दगड अनेकजण नुसते ओलांडून जातात. त्यांवरच्या भाषा वाचत चला.

साडेदहा, उच्च न्यायालय, बाहेरून. १८९२ची लाल विटांची इमारत. आत सामान्य पर्यटकाला सहज सोडत नाहीत आणि हुज्जत घालून उपयोग नाही. रस्त्यावरून नीट दिसते. सगळ्यात उंच घुमटाकडे पाहा: १८९४ पासून १९७७ पर्यंत तो या बंदराचा दीपस्तंभ होता. या शैलीला इंडो-सारसेनिक म्हणतात. ती ओळखायची खूण सोपी आहे: कमानी आणि घुमट मुघल धाटणीचे, पण खालचा आराखडा, मजले आणि खिडक्यांची रांग युरोपीय. एकदा ही खूण डोळ्यांत बसली की एग्मोर स्टेशन असो की चेपॉक राजवाडा, प्रत्येक इमारतीत कोणता भाग कुठून आला ते तुम्हीच सांगू लागाल.

उच्च न्यायालयाच्या मेट्रो स्टेशनावरून निळ्या मार्गिकेने सेंट्रल. बाहेर पांढरीशुभ्र रिपन बिल्डिंग (१९१३) आणि शेजारी लाल व्हिक्टोरिया पब्लिक हॉल. पंधरा मिनिटं पुरतात. मग हिरव्या मार्गिकेने एग्मोर आणि जेवण.

दुपारी १ ते ४, सरकारी संग्रहालय. भर उन्हाची वेळ म्हणूनच ही इथे ठेवली आहे. १८५१चं संग्रहालय, अनेक इमारती, ४६ दालनं. सगळी पाहायला गेलात तर मुलं तिसऱ्या दालनात बसकण मारतील. तीनच ठेवा. पहिलं कांस्य दालन: चोळकालीन नटराज आणि अर्धनारीश्वर. मूर्तीच्या पीठाला असलेल्या भोकांकडे लक्ष द्या. उत्सवात दांडे घालून मिरवणूक काढायची म्हणून ती ठेवलेली आहेत. दुसरं अमरावतीच्या (आपली नव्हे, आंध्रातली) स्तूपाचे संगमरवरासारखे फिकट शिल्पपट. तिसरं प्राणिशास्त्राचं, देवमाशाच्या सांगाड्यासाठी. उरलेला वेळ मुख्य इमारतींच्या बाहेरून फेरी.

संध्याकाळी ५, मैलापूर. कपालीश्वर मंदिर. गोपुर पाहायला रस्त्याच्या पलीकडे, तळ्याच्या काठावर उभे राहा; खाली उभं राहून मान वर करून काही कळत नाही. मैलापूर-लुझ परिसरात मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याच्या कामामुळे रस्ते वळवलेले असतात, तेव्हा रिक्षा आधी सोडून शेवटचा अर्धा किमी चालत जाणं लवकर होतं. मंदिरानंतर सांतोम बॅसिलिका, जमलं तर.

तपासा: रिक्षाचं मीटर सहसा पडत नाही. आधी ॲपवर भाडं बघा आणि मगच ठरवा. सगळीकडे हिंदी चालेल अशी अपेक्षा ठेवू नका. मोडकं इंग्रजी आणि पाच तमिळ शब्द जास्त कामाला येतात: एव्वळवु (किती), वेण्डाम (नको), पोदुम (पुरे), तण्णी (पाणी), सैवम (शाकाहारी). 'अण्णा' आणि 'अक्का' तर आपलेच. रिक्षावाल्याला 'भैया' म्हणण्यापेक्षा 'अण्णा' म्हणा.

## टप्पा ८: शुक्रवार, किनाऱ्याने महाबलीपुरम

शहरापासून महाबलीपुरम ५५-६० किमी, ईस्ट कोस्ट रोडने. गाडी करत असाल तर दर ठरवताना टोल आणि 'ड्रायव्हर बाटा' (म्हणजे चालकाचा भत्ता) धरून आकडा विचारा. नंतर वाद याच दोन गोष्टींवरून होतो. बसने जायचं तर शहराच्या दक्षिणेकडच्या तिरुवान्मियूरहून.

वाटेतली ठिकाणं उत्तरेकडून दक्षिणेकडे येतात त्याच क्रमाने घ्या.

दक्षिणचित्र, मुट्टुकाडू: उघडताच पोचा. तमिळनाडू, केरळ, कर्नाटक आणि आंध्रची जुनी घरं मूळ जागेवरून उतरवून इथे पुन्हा उभारली आहेत. केरळच्या घराचं छप्पर आणि तमिळ घराचं अंगण शेजारी-शेजारी पाहिलं की पाऊस घर कसं घडवतो ते मुलांनाही समजतं. दोन-अडीच तास.

मद्रास क्रोकोडाइल बँक, वडनेम्मेली: १९७६मध्ये रोम्युलस व्हिटेकर यांनी स्थापन केलेलं, साडेआठ एकरांचं. मराठीत आपण मगर आणि सुसर हे शब्द सर्रास अदलाबदल करून वापरतो. इथे फरक डोळ्यांनी पक्का करा. रुंद, बोथट जबड्याची ती मगर. लांब, काठीसारख्या अरुंद जबड्याची, मासे खाणारी ती सुसर. तिसरी खाऱ्या पाण्यातली मगर, सगळ्यांत मोठी. मगरी तासन्तास हलत नाहीत. थंड रक्ताचा प्राणी अंग तापवत पडलेला असतो. "खोटी आहे का?" म्हणून खडे मारणं हा गुन्हा आहे आणि मुलांना ते आधीच सांगून ठेवा.

संध्याकाळी चारच्या सुमारास महाबलीपुरमला खोली घ्या. त्याच दिवशी शिल्पं उरकायचा मोह होतो. आवरा. एकच तिकीट किनाऱ्याचं मंदिर आणि पंचरथ या दोन्हींना चालतं, पण त्याच दिवसापुरतं. संध्याकाळी काढलंत तर अर्धं वाया जातं. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही.

## टप्पा ९: शनिवार, सकाळ दगडांची

स्मारकं सकाळी ६ला उघडतात. जानेवारी-फेब्रुवारीत सूर्य साडेसहाच्या आसपास उगवतो. सहा वाजता दारात.

1. किनाऱ्याचं मंदिर. पहिलं ऊन समुद्राकडून येतं. खाऱ्या वाऱ्याने दगडावरचं कोरीव काम झिजून गोल झालेलं दिसेल. पश्चिमेकडच्या, वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूशी तुलना करा.
2. अर्जुनाची तपश्चर्या, म्हणजेच गंगावतरण. हा प्रचंड पट पूर्वाभिमुख आहे. साडेसात ते नऊ या वेळात त्यावर तिरपं ऊन पडतं आणि आकृत्या उठून दिसतात. दुपारनंतर तोच पट सपाट, करडा दिसतो. मधल्या उभ्या भेगेत नाग आहेत. भेग म्हणजे गंगा, हे धरलं की सगळ्या आकृत्या तिकडे का वळल्या आहेत ते कळतं. तप करणाऱ्या मांजराच्या पायाशी उंदीर शोधायला मुलांना सांगा.
3. मागच्या टेकडीवरची मंडपं आणि कृष्णाचा लोण्याचा गोळा. गोळ्याला टेकून फोटो काढायला रांग असते, तिथे दहा मिनिटांपेक्षा जास्त घालवू नका. महिषासुरमर्दिनी मंडपासाठी तो वेळ ठेवा.
4. पंचरथ, साधारण दीड किमी दक्षिणेला. हे बांधलेले नाहीत, उभ्या खडकातून वरून खाली कोरत आणलेले आहेत. म्हणून कळस पूर्ण आणि तळ अर्धवट. ही गोष्ट आधी सांगितली नाही तर लोकांना वाटतं पडझड झाली आहे.

दहाच्या आत हे संपवा. त्यानंतर ग्रॅनाइट तापतो.

सावध: दगडी मूर्ती घ्यायची तर वजनाचा अंदाज आधी करा. ग्रॅनाइटचा दहा सेंटिमीटरचा घन ठोकळा पावणेतीन किलो भरतो. हातात धरलेली फूटभर मूर्ती बघता बघता दहा किलोवर जाते. शंख-शिंपल्यांच्या दुकानात मोठे, वेगळे दिसणारे शंख आणि प्रवाळ घेऊ नका. त्यांतल्या अनेक जाती वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहेत आणि दुकानात विकायला ठेवल्या म्हणून बाळगणं कायदेशीर ठरत नाही.

## टप्पा १०: शनिवार, वेडंतांगल किंवा कासवं

इथे निवड करावीच लागते. दोन्ही एका दिवसात करणारे रात्री दोन वाजता वाळूत बसून पेंगतात.

घरात लहान मुलं किंवा ज्येष्ठ असतील तर वेडंतांगलचं पक्षी अभयारण्य. महाबलीपुरमहून चेंगलपट्टूमार्गे दीड तास धरा. तीनपर्यंत पोचा, सहाला बंद. दुपारी एकला जाऊन "पक्षीच नाहीत" म्हणत परतणं ही इथली नेहमीची चूक. मोठे पक्षी दिवसा आजूबाजूच्या भातशेतात चरायला जातात आणि चारनंतर थव्याने घरट्यांकडे येतात. मुग्धबलाक, चित्रबलाक, चमचा, शराटी, पाणकावळे, सर्पपक्षी, पाणकोळी हे सगळे पाण्यात उभ्या झाडांवर दाटीने बसतात. बंधाऱ्याच्या वाटेवरून चालत चला आणि सूर्य पाठीशी राहील अशी जागा धरा. भडक लाल-पांढरे कपडे घालू नका. जाण्याआधी तळ्यात पाणी किती आहे ते महाबलीपुरमच्या हॉटेलात किंवा वनखात्याकडे विचारा: आदल्या परतीच्या पावसाने दगा दिला असेल तर झाडांखाली पाणी नसतं आणि पक्षी येत नाहीत.

सगळे धडधाकट असतील तर कासवं. दुपारी शहरात परता, झोपा आणि रात्री निघा. विद्यार्थी आणि स्वयंसेवकांचं सागरी कासव संवर्धन जाळं १९८८ पासून नीलांकरै ते बेसंट नगर या किनाऱ्यावर गस्त घालतं. हंगामात आठवड्याच्या शेवटी लोकांनाही सोबत नेतं. आधी माहिती सांगतात, मग वाळूतून सुमारे ७ किमी चालणं. पहाटेचे तीन-चार वाजतात. तारखा आणि नियम त्यांच्या सूचनांमधून आधी बघून घ्या. वेळासला पिल्लं पाहिलेल्यांनी लक्षात ठेवावं: जात तीच, ऑलिव्ह रिडले, पण जानेवारी-फेब्रुवारीत इथे शोध मादीचा आणि अंड्यांचा असतो. मादी दिसेलच असं नाही. दिसली तर तिच्या मागच्या बाजूला, गप्प. पांढरा उजेड, मोबाइलचा प्रकाश, फ्लॅश काही नाही; उजेड दिसला की ती अंडी न घालताच वळते.

वंडलूरचं प्राणिसंग्रहालय या आराखड्यात मुद्दाम नाही. ताडोबा-पेंच दोन-तीन तासांवर असलेल्यांनी पिंजऱ्यातल्या वाघासाठी तिथला दिवस खर्च करू नये.

## टप्पा ११: रविवार

वेडंतांगल केलं असेल तर पहाटे पळ्ळीकरणैची दलदल. थोरैपाक्कम-पल्लावरम रेडियल रोडच्या कडेने पाणी दिसतं. वनखात्याचं उद्यानही आहे. रोहित, शेकाटे, बदकं. रस्त्यावर वाहनं सुसाट असतात, गाडी कडेला पूर्ण बाहेर घेऊन थांबवा आणि मुलांना दुभाजकाच्या बाजूने उतरू देऊ नका. साडेआठनंतर उन्हाच्या झळांनी दुर्बिणीतलं चित्र थरथरतं, तोवर उरका. रात्री कासवांसाठी गेला असाल तर ही पहाट झोपेला द्या.

मग कामराजर सालै. विवेकानंदर इल्लम, प्रेसिडेन्सी कॉलेज, चेपॉक राजवाडा, विद्यापीठाचं सिनेट हाउस या इमारती दक्षिणेकडून उत्तरेकडे ओळीने, दोन किमीच्या आत. ऊन समुद्राकडून म्हणजे पूर्वेकडून येतं, म्हणून दहाच्या आत चालत जा. रविवारी वाहतूक कमी असते आणि पलीकडच्या पदपथावरून इमारती निवांत पाहता येतात.

दुपार खोलीत. वाळू झाडून चपला वेगळ्या पिशवीत, ओले कपडे वर्तमानपत्रात गुंडाळून. रात्रीचं जेवण सातला. स्टेशनात दहीभात बांधून घेतलेला बरा, सकाळपर्यंत टिकतो. नऊला सेंट्रल. तिथे उपनगरी गाड्यांचं स्टेशन बाजूला, वेगळं आहे. मेट्रोतून वर येताना मुख्य स्टेशनाची पाटी बघूनच वळा.

तपासा: स्लीपर आणि थर्ड एसीला माणशी ४० किलो सामान मोफत. मूर्ती घेतली असेल तर तिची पेटी बर्थखाली, भिंतीकडे आणि आडवी ठेवा. उभी ठेवलेली पहिल्याच ब्रेकला कलंडते.